अकरा वर्षांची बीएमडब्ल्यू ३२०डी, समुद्रापासून दोन किलोमीटरवर घर: वर्षाचा खरा खर्च किती येईल?

हापूस_पावस

नमस्कार मंडळी. आमचं घर रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे, समुद्रापासून सरळ रेषेत दोन किलोमीटर असेल. हापूसची चारशे कलमं आहेत, वडील आणि मी मिळून बघतो. कामाला पिकअप आहे, घरात जुनी वॅगन आर आहे. यंदा सीझन बरा गेला, बागेवरचं कर्ज फिटलं, आणि शाळेपासून मनात असलेली एक गोष्ट पहिल्यांदाच हाताला लागेल असं वाटतंय.

मी आठवीत असताना मे महिन्यात मुंबईचे पाहुणे थ्री सिरीज घेऊन आंबे न्यायला आले होते. त्यांनी मला भाट्याच्या पुलावरून एक फेरी मारून आणलं. एसटीतून जाताना त्या पुलाचा एकेक सांधा पाठीला कळायचा. त्या दिवशी एकही कळला नाही. तेव्हापासून हीच गाडी डोक्यात आहे.

मुंबईतल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे २०१४ ची ३२०डी आहे. ६८ हजार किलोमीटर, दुसरा मालक, सव्वाअकरा लाख सांगतोय. फोटोत छान दिसते. माझा वापर असा: आठवड्यातून दोनदा रत्नागिरी, बाकी पावसपर्यंत चार-पाच किलोमीटर, महिन्यातून एखादी पुणे किंवा मुंबईची फेरी. जून ते सप्टेंबर ती बहुतेक मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठारात, उभी राहील, कारण आमच्या वाडीचा रस्ता पावसाळ्यात पिकअपचाच असतो.

इंटरनेटवर खर्चाचे आकडे पुण्या-बंगळूरचे मिळतात. मला किनाऱ्यावर राहून अशी गाडी सांभाळणाऱ्यांचे आकडे हवेत. वडील नको म्हणत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तिच्या चार टायरांना किती पेट्या जातील ते आधी काढ, मग बोलू." त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

घाटमाथा

माझं स्पष्ट मत, राग मानू नका. एवढ्या पैशांत नवी गाडी येते, वॉरंटीसकट, आणि तिची सर्व्हिस रत्नागिरीतच होते. माझ्या मेव्हण्याने अशीच एक जुनी जर्मन गाडी हौसेने घेतली. गिअरबॉक्सच्या कामासाठी ती पाच महिने कोल्हापुरात उभी होती आणि तो एसटीने फिरत होता. त्याचे हप्ते मात्र चालू होते.

कुडाळचा_पाना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी सोळा वर्षं मुंबईत जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. २०१७ ला गावी आलो, कुडाळला स्वतःचं गॅरेज टाकलं. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, देवगड इकडच्या बऱ्याच बंगल्यांतल्या गाड्या माझ्या हाताखालून जातात. या गाड्यांवर माझं पोट आहे आणि जीवही आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी किंमत. सव्वाअकरा लाख ही आजची किंमत झाली. नवी असताना ही गाडी रस्त्यावर यायला चाळिसाच्या घरात होती, आणि तिचे सुटे भाग आजही चाळीस लाखांच्या गाडीचेच आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा धरा. अशा गाडीचा हिशेब कधीही घेतलेल्या किमतीवरून करायचा नाही, नव्या किमतीवरून करायचा.

गाडी दारात आली की पहिल्या दोन महिन्यांत जे करावं लागतं ते माझ्याकडच्या बिलांवरून सांगतो. सगळी ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि फिल्टर मिळून पंचवीस हजार. बॅटरी मागे डिकीत असते, एजीएम जातीची लागते, तीही पंचवीसच्या आसपास. नवी बसवल्यावर ती स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते आणि बॅटरी लवकर जाते. पुढच्या डिस्क आणि पॅड पंचेचाळीस. चाकं धरून ठेवणारे खालचे आर्म आणि त्यांचे रबरी बुश, आपल्या रस्त्यांवर अकरा वर्षं काढलेली गाडी असेल तर साठ. चार रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, ऐंशी. गिअरबॉक्सचं काम पन्नास.

गिअरबॉक्सवर थोडं थांबतो, कारण फसगत होते ती इथेच. यात झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. माझ्या मते असा उत्तम गिअरबॉक्स क्वचित बनतो. पण "यातलं ऑइल आयुष्यभराचं आहे" असं ऐकून बहुतेक मालक ते कधीच बदलत नाहीत. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे फिल्टर बदलायचा तर पूर्ण पॅन बदलायचा. पन्नास हजार ऐकून लोक मागे सरतात. दुर्लक्ष केलं तर पुढचं बिल तीन लाखांपासून सुरू होतं.

हे सगळं धरून पहिल्या वर्षी पावणेतीन ते तीन लाख बाजूला ठेवा. काही कामं आधीच झाली असतील तर उत्तम, पण विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, बिलं मागा. त्यानंतर दर वर्षी साधी सर्व्हिस तीस हजार, विमा तीस-पस्तीस, आणि साठ हजार न बोलता बँकेत टाकायचे. एखाद्या वर्षी त्यातला रुपया लागणार नाही, पुढच्या वर्षी दीड लाख लागतील.

सुटा भाग कंपनीच्याच खोक्यातला हवा असं नाही. सस्पेन्शनला लेम्फर्डर, शॉकॲब्सॉर्बरला साक्स, फिल्टरला मान किंवा माले. जर्मन कारखान्यांना माल पुरवणारी हीच मंडळी आहेत आणि किमतीत तिसरा हिस्सा वाचतो. नक्कल मालापासून मात्र लांब राहा. बिलाशिवाय आलेला आर्म मी माझ्या हाताने बसवत नाही.

आता इंजिन. २०१४ च्या ३२०डी मध्ये एन ४७ इंजिन आहे, १८४ अश्वशक्तीचं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग एका लयीत फिरवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बऱ्याचदा इंजिनच. खर्च दोन लाखांच्या आसपास. जास्त तक्रारी २०११ च्या आधीच्या इंजिनांच्या होत्या, नंतर सुधारणा झाली, तरी तपासायचीच. तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं थंड इंजिन सुरू करायचं आणि गाडीच्या मधोमध, फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, कान द्यायचा. साखळी घासल्यासारखा खरखर आवाज आला तर तिथूनच परत फिरायचं. इंजिन गरम असेल तर हा आवाज लपतो. म्हणून जाताच आधी बॉनेटवर हात ठेवा.

आणखी एक. याच पिढीच्या डिझेल गाड्यांसाठी ईजीआर कूलरचा (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) रिकॉल झाला होता, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात गाड्या पेटल्यामुळे तो जगभर गाजला. कूलरमधून कूलंट गळून काजळीत मिसळलं की ते पेटू शकतं. चासी नंबर घेऊन कुठल्याही अधिकृत सेंटरला विचारा, या गाडीला काय लागू होतं आणि काम झालंय का ते सांगतात.

इथवर सगळं पुण्याच्या माणसालाही लागू आहे. आता आपलं.

पावसाळ्यात घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, बघता ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली येतच नाही म्हणा. समुद्रावरून आलेलं मीठ गाडीच्या पोटाखाली, बोल्टांच्या फटीत, वायरच्या टोकांवर बसलेलं असतं आणि ते चार महिने ओलं राहतं. या गाडीचे बरेच आर्म ॲल्युमिनियमचे, बोल्ट लोखंडाचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. पुण्यात वीस मिनिटांत निघणारा बोल्ट माझ्याकडे अर्धा दिवस खातो, कधी आर्म कापूनच काढावा लागतो. ती मजुरी पुण्याच्या आकड्यांत नसते. एसीचा कंडेन्सरही असाच, पुढे जाळीच्या मागे उघडा असतो, त्याच्या पापण्या पिठासारख्या गळून पडतात.

वेंगुर्ल्याच्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. गाडी कुठली ते सांगत नाही. फोनवर म्हणाले, "गाडी वाटेर रवली, काय करूया?" डॅशबोर्डवर एकाच वेळी सहा दिवे पेटलेले. त्याआधी दुसरीकडे त्यांना दोन कंट्रोल मॉड्यूल बदलायला सांगितलं होतं, एक लाख सत्तर हजार. मी आधी अर्थिंग बघितलं. सीटखाली पत्र्याला वायरी जिथे बोल्टने आवळलेल्या असतात तिथे हिरवी-पांढरी बुरशी आलेली. घासून पत्रा उघडा केला, नवा बोल्ट लावला, वर ग्रीस. सहाही दिवे गेले. या गाड्यांत डझनांनी छोटे कॉम्प्युटर असतात आणि अर्थ कच्चा झाला की ते एकमेकांबद्दल खोटे कोड टाकतात. किनाऱ्यावर स्कॅनर लावायच्या आधी अर्थ बघायचा, हे मी मुंबईत शिकलो नाही. इथे येऊन शिकलो.

ब्रेक फ्लुइडचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या आधी उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी गेलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो. आंबा घाट किंवा आंबोली उतरताना ब्रेक तापतात तेव्हा हा फरक पायाखाली कळतो. कंपनी दोन वर्षांनी बदला म्हणते. मी इथल्या गाड्यांना दीड वर्षात बदलतो.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात काळजीची वाटली ती ओळ म्हणजे जून ते सप्टेंबर मांगरात. गाडी चालून जेवढी खर्चात पाडत नाही तेवढी उभी राहून पाडते. डिस्कवर गंजाचा थर, कॅलिपरच्या पिना आवळलेल्या, टायरला एका बाजूने सपाटी, सीटवर बुरशी. आणि उंदीर. आंब्याच्या पेट्यांत घालायचा पेंढा तुम्ही त्याच मांगरात ठेवता का? ठेवत असाल तर गाडी तिथे अजिबात नको. पेंढ्यात उंदीर वितो आणि गरम इंजिनवर झोपायला येतो. गेल्या पावसात एका गाडीची इंजेक्टरची वायरिंग मी तीनदा जोडली.

दर रविवारी गाडी जागेवरच दहा मिनिटं सुरू ठेवायची, ही सवय असेल तर सोडा. इंजिन ऑइल पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, बॅटरीतून गेलेलं परतही येत नाही. आठवड्यातून एकदा रत्नागिरीवरून हातखंब्यापर्यंत जाऊन यायचं, तासभर, नीट तापवून. पावसपर्यंतच्या चार किलोमीटरना वॅगन आर वापरा.

आणि गाडी कलमाखाली लावू नका, हे बागायतदाराला मी सांगायला नको. तुडतुड्यांचा चिकटा काचेवर, रंगावर पडतो, वर काळी बुरशी धरते. मोहोर आणि पालापाचोळा सनरूफच्या नळ्यांत जातो. त्या तुंबल्या की पाणी छतातून गालिच्याखाली उतरतं आणि कॉम्प्युटरच्या पेट्या तिथेच आहेत. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि गणपतीनंतर, त्या नळ्या मोकळ्या करून घ्यायच्या. शंभर रुपयांचं काम आहे.

दुसरा_इंजिनिअर

पाना यांनी मिठाचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. मी मर्चंट नेव्हीत आहे, गाव गुहागरजवळ. सहा महिने बोटीवर, तीन-चार महिने घरी. बोटीवर रोज गंजाशीच लढतो, घरी आल्यावरही तेच करतो, कारण २०१३ ची पोर्शे बॉक्स्टर मी हौसेने घेतली आहे. स्पोर्ट्स कारचा प्रश्न तुमचा नाही, पण महिनोन्महिने उभी राहणारी गाडी किनाऱ्यावर कशी जगवायची यावर माझा अनुभव कामी येईल.

चार वर्षांत ती ६,२०० किलोमीटर चालली. गाडीची किंमत सोडून खर्च आठ लाख सत्तर हजार. किलोमीटरला एकशे चाळीस रुपये. हा आकडा मी माझ्या बायकोला दाखवला आहे, लपवलेला नाही.

त्यातला मोठा वाटा चालवण्याचा नाही. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढे-मागे फिरवून आयुष्य वाढवता येत नाही. माझ्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण बाजूला चिरा पडल्या म्हणून बदलावे लागले. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. तुम्ही बघायला जाल त्या गाडीच्या चारही चाकांवर ते वाचा.

बॅटरीची गंमत नाही, चिंताच आहे. माझ्या गाडीत बॅटरी पुढच्या झाकणाखाली आणि ते झाकण उघडतं विजेवर. बॅटरी पूर्ण उतरली की फ्यूजच्या पेटीतून बाहेरची वीज द्यावी लागते, तेव्हा झाकण उघडतं. म्हणून मेंटेनन्स चार्जर कायम लावलेला असतो. पण आमच्याकडे जुलैत एकदा वादळात झाड पडलं तेव्हा पाच दिवस लाइट नव्हती. आता भाऊ आठवड्याला व्होल्ट मोजून मला फोटो पाठवतो.

गॅरेज जांभ्याचं आहे. जांभा ओल धरतो. आत एक डिह्युमिडिफायर लावला, पावसाळ्यात त्याची बादली भाऊ रोज ओततो. तेव्हापासून कापडी छपरावर आणि सीटवर बुरशी आलेली नाही. एवढा उपयोगी पैसा मी या गाडीवर दुसरा घातला नाही. बोटीवर जाताना पेट्रोलची टाकी भरून ठेवतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते पाणी धरतं. टाकीत रिकामी जागा जितकी कमी तितकी ओली हवा कमी.

आणि बोटीवरचा नियम: खाऱ्या पाण्यानंतर गोडं पाणी. किनाऱ्याच्या रस्त्याने फिरून आलात की पोटाखालून नळी मारायची. पुळणीवर गाडी नेऊच नये. गुहागरला, मुरुडला दर सुट्टीत भरतीत अडकलेल्या गाड्या दिसतात. बाहेर ओढून काढल्या तरी त्या वाचलेल्या नसतात.

हापूस_पावस

पाना काका, काय सांगू, पेंढा त्याच मांगरात आहे. गाडी ठेवायची म्हटलं तेव्हा तीच एक झाकलेली जागा डोळ्यासमोर आली, उंदरांचा विचारच केला नव्हता. वाचून लगेच जाऊन बघितलं, कोपऱ्यात लेंड्या आहेतच.

इंजिनिअर साहेब, डिह्युमिडिफायरचं लिहून घेतलं. रनफ्लॅटबद्दल एक विचारायचं राहिलं. स्टेपनी नसते म्हणतात. मग रात्री साखरप्याच्या पुढे पंक्चर झालं तर?

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणला दवाखाना चालवते. पंक्चरचं उत्तर पाना देतीलच, मी पाण्याबद्दल आणि विम्याबद्दल लिहिते, कारण ते मी भोगलंय.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शिरलं. माझी गाडी तीन वर्षांची होती, महागातली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, पाण्यापुढे सगळ्या सारख्याच. पाणी सीटच्या वर गेलं. ओसरल्यावर शेजारच्या एकाने आपली गाडी चालू होते का बघायला बटण दाबलं. इंजिनात पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकला. मी हात लावला नाही, फोटो काढले आणि विमा कंपनीला कळवलं. माझ्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं कलम होतं. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, म्हणून गाडी टोटल लॉस धरली आणि पैसे मिळाले.

तुमची गाडी अकरा वर्षांची. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे दाव्यात घसारा न कापणारं कलम, एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. ते नसेल तर दाव्यात रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे तुमचे, आणि दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याच्या, धातूच्या भागांचेही निम्मे तुमचे. बंपर आणि हेडलाइटची किंमत विचारून मग हे गणित मांडा. थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीच्या वर २०२२ च्या दरानुसार ७,८९७ रुपये, तो सरकारी दराने ठरलेलाच असतो. फरक पडतो तो वरच्या कलमांत. वार्षिक हप्त्यात दोन-तीन हजार वाचवायला ती काढू नका.

आणि जे मला आजही बोचतं ते सांगते. माझी ती बुडालेली गाडी भंगारात गेली असं मी समजत होते. दोन वर्षांनी सहज ॲपवर नंबर टाकला तर ती दुसऱ्या मालकाच्या नावावर, दुसऱ्या जिल्ह्यात, विमा चालू. कुणीतरी ती धुऊन-पुसून विकली. घेणाऱ्याला माहीत असेल का, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही. म्हणून सांगते, सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गढूळ रेघ दिसली, सीटखालच्या रुळांवर गंज किंवा गाळ दिसला, डिकीच्या गालिच्याखाली वाळू सापडली, तर ती गाडी पाण्यातून आलेली आहे. सीटबेल्ट बाहेरून धुतात, आतपर्यंत कुणी धूत नाही.

कुडाळचा_पाना

ताई, सीटबेल्टचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझं राहिलंच होतं.

रनफ्लॅट: हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. साखरप्याहून रत्नागिरीत आरामात पोचाल. अडचण नंतर आहे. हवा नसताना चालवलेला रनफ्लॅट सहसा दुरुस्त करत नाहीत, बदलतात, आणि तो तुमच्या मापाचा रत्नागिरीत हजर मिळेलच असं नाही, मुंबई-पुण्याहून मागवताना दोन दिवस जातात. त्याची बाजू इतकी कडक असते की रस्त्याकडच्या पंक्चरवाल्याकडे तो रिमवरून उतरतच नाही. माझी काही गिऱ्हाइकं साधे टायर टाकून डिकीत पातळ स्टेपनी आणि पंप ठेवतात. खड्ड्यातला दणकाही कमी लागतो. टायर बदललेत तर विमा कंपनीला कळवून ठेवा.

आणि गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढू देऊ नका. मागची चाकं चालवणारा ऑटोमॅटिक आहे, चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो. फ्लॅटबेडच बोलवायचा. रोडसाइड असिस्टन्स घेताना तो तुमच्या पिनकोडला येतो का, हे फोन करून विचारा, कागदावर नुसतं "भारतभर" लिहिलेलं असतं.

हापूस_पावस

शनिवारी मुंबईला जाऊन आलो. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं कागदावर लिहून नेलं होतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. रूळ स्वच्छ. डिकीत वाळू नाही. चासी नंबरवरून रिकॉलचं आधीच विचारलं होतं, काम झालेलं आहे. टायर दोन २०२३ चे, दोन २०१७ चे. सर्व्हिसची बिलं ४१ हजार किलोमीटरपर्यंतची आहेत, पुढची नाहीत. गिअरबॉक्स ऑइलचं विचारलं तर "आयुष्यभराचं असतं" हेच उत्तर.

मी अकराला येतो सांगितलं होतं, पण मुंबईत लवकर पोचलो म्हणून साडेनऊलाच गेलो. आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. विचारलं तर म्हणाला, आत्ताच धुवायला नेली होती. धुवायची जागा त्याच आवारात आहे, वीस पावलांवर.

मी म्हटलं, रात्रभर उभी राहू दे, मी उद्या सकाळी सातला येतो, तेव्हा माझ्यासमोर सुरू करा. तो म्हणाला, रविवार बंद. सोमवारी येतो म्हटलं, तर दुसरं गिऱ्हाईक टोकन द्यायला येतंय म्हणाला. मी टोकन न देता परत आलो. परतीच्या वाटेवर पेणपर्यंत मन लागत नव्हतं, खोटं बोलत नाही. फार देखणी आहे गाडी.

कुडाळचा_पाना

टोकन दिलं नाहीत ते फार चांगलं केलंत. आवाज असेल किंवा नसेल, पण जो थंड इंजिन ऐकू देत नाही त्याला पैसे द्यायचे नाहीत.

म्हापशाजवळ माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची २०१६ ची ३२०डी आहे. तिच्यात पुढचं बी ४७ इंजिन, १९० अश्वशक्तीचं. त्याचीही चेन मागेच, पण तक्रारी कितीतरी कमी. गिअरबॉक्सचं ऑइल ७९ हजारांवर मीच बदललंय, बिल माझ्याकडे आहे. ते सव्वातेरा म्हणतात, थोडे उतरतील. गोवा पासिंग आहे, म्हणजे एनओसी आणि महाराष्ट्राचा कर वेगळा धरा, आरटीओत आकडा विचारून या. अर्थिंगचे सगळे पॉइंट मी दोन वर्षांपूर्वी साफ केलेत, पुन्हा बघू. तुम्ही आदल्या दिवशी कुडाळला मुक्कामाला या, पहाटे निघू आणि मालक उठायच्या आधी बॉनेटवर हात ठेवू. तोवर मांगराचं काय करताय ते सांगा.

हापूस_पावस

पुढच्या शुक्रवारी येतो, काका.

पेंढा आज हलवला, पलीकडच्या पडवीत. मांगराच्या खालच्या फटी उद्या सिमेंटने बुजवतोय, खिडकीला बारीक जाळी. वडील सकाळपासून मदतीला होते. दुपारी त्यांनी टायरचा आकडा विचारला. पेटी दोन हजाराची धरली तर चार टायर म्हणजे चाळीस पेट्या, असं सांगितलं. पहिल्या वर्षाचं सगळं मिळून दीडशे पेट्या, हेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा पिऊन झाल्यावर टेप घेऊन आले आणि मांगराच्या दाराची रुंदी मोजायला लागले.